पारख कोणाची? : जत्रा, प्रदर्शन आणि मेळा यांचा एक तुलनात्मक विचार

हस्तव्यवसायाच्या इतिहासाची चर्चा आपल्याकडे बहुधा उत्पादनाच्या अंगाने केली जाते. गिरणीच्या स्पर्धेत हातमाग किती टिकला, आयात मालामुळे कोणते धंदे बुडाले, कारागिरांच्या कोणत्या जाती शेतमजुरीकडे वळल्या, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात संशय नाही. परंतु वस्तू तयार झाल्यावर ती ग्राहकाच्या हाती कोठे व कशी पडत असे, आणि ग्राहकाला ती कोठे व कशी सापडत असे, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. प्रस्तुत लेखात जत्रा, प्रदर्शन आणि आधुनिक हस्तकला-मेळा या तीन संस्थांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे. या तिहींतील मुख्य फरक मालाचा नाही, किंवा केवळ गिऱ्हाइकाचाही नाही. वस्तू चांगली की वाईट हे ठरविण्याचा अधिकार, म्हणजे पारख, कोणाकडे आहे हा तो फरक होय; आणि किंमत व कारागिराचे नाव या दोन्ही गोष्टी त्या पारखीच्या मागोमाग जातात, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

१. बलुते आणि जत्रा

महाराष्ट्रातील गावगाड्यात कारागिराचे सर्वच उत्पादन विक्रीसाठी नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गांवगाडा’ (१९१५) या ग्रंथात वर्णिलेल्या व्यवस्थेप्रमाणे सुतार, लोहार, कुंभार, चांभार इत्यादी बलुतेदार कुणब्यांची वर्षभराची कामे करीत आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने आपला वाटा घेत. या व्यवहारात नांगराच्या डागडुजीला किंवा मोटेच्या शिवणीला स्वतंत्र किंमत नव्हती. देणे-घेणे दोन माणसांमधील नसून दोन घराण्यांमधील असे, आणि तेही वतनाच्या नात्याने.

तथापि या चौकटीत न बसणारा माल पुष्कळ होता. साळी, कोष्टी, तांबट, कासार यांचे धंदे बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत आढळत नाहीत. त्यांचा माल रोकडीचा असून त्याला पेठ हवी, आठवड्याचा बाजार हवा, किंवा जत्रा तरी हवी. मराठेशाहीत पेठ वसविताना उदमी व कारागिरांना कौल देऊन काही काळ करांत सूट देण्याची पद्धत होती. शेटे-महाजनांसारखे वतनदार त्या पेठेची व्यवस्था पाहात व आपले हक्क वसूल करीत. पुण्याच्या कित्येक पेठांना वारांची नावे आहेत, हे बाजार हीच पेठेची ओळख मानली जात असल्याचे निदर्शक आहे.

जत्रेचे स्वरूप पेठेहून निराळे. तेथे देव मुख्य व बाजार आनुषंगिक, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही एकमेकांस धरून होते. पंढरपूरची आषाढी, जेजुरीच्या व नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रा, कोल्हापूरनजीकच्या जोतिबाची चैत्री यात्रा, या निमित्तांनी जी माणसे जमत ती केवळ भाविक नसून वर्षाच्या खरेदीसाठी आलेली कुटुंबेही होती. घोंगडी, काठवट, पितळेची भांडी, बांगड्या, बैलांच्या घुंगुरमाळा व झुली, पोरांची लाकडी खेळणी असा माल तेथे दूरदूरहून येई. विणकर आणि त्याचे घोंगडे पांघरणारा शेतकरी यांची एरवी गाठ पडण्याचा संभव नव्हता. ती गाठ जत्रा घालून देई.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेतली पाहिजे. जत्रेतील गिऱ्हाईक अनोळखी असले तरी अजाण नव्हते. घोंगडे पावसाला दाद देईल की नाही हे तो ते हातात चुरगाळून पाहून सांगे. घरची बाई माठ टिचकी मारून घेई, आणि वहाणेची शिवण ओढून पाहिल्यावाचून कोणी पैसे काढीत नसे. वस्तू वापरणारा माणूस हाच तिचा पारखी होता. घासाघीस हे अडाणीपणाचे लक्षण नसून दोन जाणकारांमधील मूल्यनिर्णयाची ती एक रीत होती. वस्तूवर चिठ्ठी नव्हती, कारण चिठ्ठीने सांगावे असे तेथे फारसे काही उरत नव्हते.

या चित्राला मात्र दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून जत्रेचे गोडवे गाणे इतिहासाला धरून होणार नाही. कोणी कोठे बसावे, कोणाच्या हातचे पाणी चालावे, देवळाच्या किती जवळ जावे, हे जातीने ठरविलेले असे. चांभाराने केलेली वहाण सर्वांना हवी होती. तो स्वतः मात्र बाजाराच्या कडेला असे. कारागीर सावकाराच्या कर्जात असला तर माल जत्रेत पोहोचण्यापूर्वीच त्याची मालकी बदललेली असे. पारख गिऱ्हाइकाची होती, पण प्रतिष्ठा कारागिराची नव्हती.

२. प्रदर्शन : किमतीवाचून वस्तू

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक सर्वस्वी नवी संस्था उदयास आली. १८५१ साली लंडनच्या हाईड पार्कमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानातील वस्तू मांडल्या. सुमारे साठ लक्ष प्रवेशांची नोंद झालेल्या या प्रदर्शनाचा एक नियम उद्बोधक आहे : मांडलेल्या वस्तूंवर किमती लावण्यास मनाई होती. वस्तू पाहावयाची, तिचा वर्ग ठरवावयाचा, पंचांनी तिला पदक द्यावयाचे; पण ती तेथे बाजारातल्याप्रमाणे विकत घ्यावयाची नाही. जत्रेत गिऱ्हाइकाचा हात वस्तूला लागे, तर येथे त्याची फक्त दृष्टी तिच्यावर पडे. मलमलीचा उपयोग ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला ती समजावून देण्यासाठी चिठ्ठी, सूची आणि तज्ज्ञ यांची गरज निर्माण झाली. गिऱ्हाइकाचे ज्ञान जेथे संपले तेथून चिठ्ठीचे काम सुरू झाले.

या नव्या ज्ञानव्यवहाराशी मुंबई इलाख्याचा निकटचा संबंध आहे. बेळगावात जन्मलेले व मुंबईत वैद्यकीय नोकरी केलेले जॉर्ज बर्डवुड यांनी १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनातील हिंदी विभागासाठी मार्गदर्शिका लिहिली, आणि १८८० मध्ये हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. मुंबईच्या ज्या वस्तुसंग्रहालयाशी त्यांचा प्रथमपासून संबंध होता, त्याची इमारत १८७२ साली खुली झाली. १९७५ पासून ते भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. १८८४ मध्ये सुरू झालेल्या हिंदी कलाविषयक इंग्रजी नियतकालिकात बाळकृष्ण आत्माराम गुप्ते यांनी ठाण्याच्या रेशमी कापडासारख्या विषयांवर लिहिले. एतद्देशीय जाणकार या व्यवस्थेत आले ते मुख्यतः वस्तूंची माहिती मिळविणारे व सांगणारे म्हणून.

कारागीर स्वतः प्रदर्शनात आला तेव्हा काय झाले, हे १८८६ च्या लंडनमधील वसाहती व हिंदी प्रदर्शनात दिसते. तेथे तीसहून अधिक हिंदी कारागिरांना प्रेक्षकांसमोर काम करण्यास बसविले होते. वंशपरंपरागत कसबाचे प्रतिनिधी म्हणून त्यांची ओळख करून दिली जाई. वस्तुतः त्यांतील बहुतेकजण आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते. राणी व्हिक्टोरियाने रुडॉल्फ स्वोबोडा या चित्रकाराकडून त्यांच्यापैकी काहींची चित्रे काढवून घेतली. कारागीर येथे विक्रेता राहिला नाही, तर मांडलेल्या वस्तूंमधील एक झाला.

१९०२-०३ च्या दिल्ली दरबारानिमित्त भरलेले प्रदर्शन या बाबतीत पुढचा टप्पा म्हटले पाहिजे. त्यात विक्रीचे दालन, उसन्या आणलेल्या जुन्या उत्कृष्ट वस्तूंचे दालन, आणि कारागिरांचे प्रत्यक्ष काम दाखविणारा विभाग अशी व्यवस्था होती. संचालक जॉर्ज वॅट यांनी तयार केलेली सूची आजही अभ्यासकांच्या उपयोगाची आहे. लॉर्ड कर्झन यांचा दंडक असा की, युरोपीय धर्तीचा माल येथे येता कामा नये. म्हणजे विक्रीला परवानगी मिळाली, पण काय विकावे याची निवड आधीच झालेली होती. जुन्या वस्तूंचे दालन शेजारी ठेवण्यात हेतू हा की, नव्या मालाचे माप त्या जुन्या मालाने घेतले जावे. मुंबईच्या बाजारात ज्या नव्या नमुन्यांना उठाव होता, त्यांवर पोट भरणाऱ्या कारागिराला या मापात स्थान नव्हते. जत्रेत गिऱ्हाइकाची आवड बदलली की माल बदले. प्रदर्शनात मालाने बदलू नये हीच अपेक्षा होती.

३. स्वदेशी आणि श्रमाचे मोल

प्रदर्शन ही संस्था परकी असली तरी राष्ट्रीय चळवळीने ती आपलीशी केली. १८७७ च्या दिल्ली दरबारास स्वदेशी जाडेभरडे वस्त्र नेसून गेलेले गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका, यांनी देशी मालाच्या विक्रीचा पुरस्कार केला होता. १८८८ मध्ये पुण्यात औद्योगिक प्रदर्शन भरले. १८९० च्या औद्योगिक परिषदेत महादेव गोविंद रानडे यांनी देशी उद्योगांचा प्रश्न व्यापक पायावर मांडला. १९०१ पासून काँग्रेसच्या अधिवेशनाला औद्योगिक प्रदर्शनाची जोड मिळाली. १९०४ साली ते मुंबईस भरले. या प्रदर्शनांत हस्तव्यवसायाबरोबर यंत्रोद्योगालाही मानाचे स्थान होते. पारखीचा निकष आता ‘देशी की विदेशी’ हा झाला.

गांधीयुगात या निकषात मूलगामी बदल झाला. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ आणि १९३४ मध्ये वर्ध्यास मुख्य ठाणे असलेला ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. १९३५ साली चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी त्यांच्या किमान निर्वाहाच्या हिशेबाने वाढविण्याचे ठरविले. खादीची किंमत गिऱ्हाइकाच्या मर्जीवरून किंवा तज्ज्ञाच्या मतावरून नव्हे, तर कातणारीच्या पोटावरून ठरावी, हे तत्त्व जत्रेत नव्हते आणि प्रदर्शनातही नव्हते. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे भरलेले अधिवेशन हे खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून त्याची सजावट केली आणि खादी-ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले. प्रदर्शन शहरातून खेड्यात आले, ही गोष्ट लहान नाही. तथापि व्यवहारात गिऱ्हाइकाची परीक्षा वस्तूची न राहता निष्ठेची झाली. जाडीभरडी खादी घेणारा ती कापड म्हणून पारखून घेत नव्हता, तर व्रत म्हणून घेत होता. व्रताची पकड सैल झाली तेव्हा या किमतीचा आधारही सैल झाला.

४. मेळा आणि कारागिराचे नाव

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याची धुरा वाहिली. सरकारी विक्रीभांडारे निघाली. त्यांत वस्तू मिळे, कारागीर भेटत नसे. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न पुढील मेळ्यांनी केला. १९८७ पासून हरियाणातील सूरजकुंड येथे मेळा भरू लागला. १९९४ मध्ये दिल्ली हाट सुरू झाले. तेथील गाळे ठरावीक मुदतीसाठी आळीपाळीने कारागिरांना द्यावेत, म्हणजे मधला दलाल टळेल, अशी योजना होती. महाराष्ट्रातील अशा उपक्रमांपैकी पुण्याच्या ‘भीमथडी जत्रे’ने तर जुने नावच धारण केले आहे.

परंतु नाव जत्रेचे असले तरी आधुनिक मेळ्याची घडण बव्हंशी प्रदर्शनाची आहे. गाळा मिळण्यासाठी अर्ज, ओळखपत्र, निवड समिती. वस्तूशेजारी तिच्या परंपरेची हकीकत सांगणारा फलक. गिऱ्हाईक शहरी असून ज्या काठवटीत त्याने कधी भाकरी थापली नाही ती तो दिवाणखान्यात ठेवण्यासाठी घेतो. ती तडकेल की नाही हे त्याला कळत नाही, आणि कळण्याची गरजही उरलेली नाही. पारख फलकाकडे व प्रमाणपत्राकडे गेल्यामुळेच खोटा फलक लावून यंत्राचा माल हातचा म्हणून विकणे शक्य होते. जुन्या जत्रेत गिऱ्हाइकाच्या बोटांना असे फसविणे इतके सोपे नव्हते.

तरीही या व्यवस्थेने कारागिराला असे काही दिले आहे की जे जत्रेने कधीच दिले नव्हते. वारल्यांची भिंतीवरची चित्रकला हे त्याचे ठळक उदाहरण होय. भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ती कागदावर आली, आणि १९७५ मध्ये जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांचे प्रदर्शन मुंबईच्या केमोल्ड कलादालनात झाले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नचौकाच्या भिंतीवर चित्र काढणाऱ्या सवाशिणींची नावे कोणी लिहून ठेवली नव्हती. कागदावर आल्यानंतर मात्र चित्राखाली नाव आले. येथे नाव आले ते पुरुषाचे, आणि कला होती मुख्यतः स्त्रियांची, हा विरोधही नोंदविला पाहिजे. मेळ्यातही, बाजाराच्या कडेला बसणारा चांभार आज इतरांच्या रांगेत, त्याच मापाच्या गाळ्यात उभा राहतो. ही समता गाळ्यापुरती आहे हे खरे. पण गाळ्यापुरती तरी ती आहे.

भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याने (१९९९, अंमल २००३ पासून) आणखी एक प्रकारची चिठ्ठी निर्माण केली. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी हे संरक्षण मिळाले. ते स्थळाच्या नावाला आहे, हाताच्या नावाला नाही. २०२५ मध्ये मिलान येथील एका पोशाख-प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मूळ न सांगता मांडल्या गेल्या, तेव्हा उठलेल्या वादात कोल्हापूरचे नाव जगभर झाले, आणि संबंधित कंपनीला त्या पादत्राणांचे हिंदी मूळ मान्य करावे लागले. चपला शिवणारी माणसे मात्र बातम्यांत बहुधा ‘कारागीर’ या सामान्यनामानेच आली.

५. समारोप

जत्रेत पारख वापरणाऱ्याकडे होती, प्रदर्शनात ती अधिकाऱ्याकडे गेली, स्वदेशीच्या काळात ती राष्ट्रनिष्ठेकडे गेली आणि आधुनिक मेळ्यात निवड समितीकडे व फलकाकडे आली. वरील विवेचनाचा निष्कर्ष एवढाच. या प्रवासाला निव्वळ ऱ्हास म्हणता येत नाही, कारण कारागिराची प्रतिष्ठा व त्याचे नाव याच प्रवासात, अपुऱ्या प्रमाणात का होईना, पुढे आले. त्याला निव्वळ प्रगतीही म्हणता येत नाही. कारण हातची वस्तू हाताने ओळखणारे गिऱ्हाईक हरवले, तर कारागिराचे भवितव्य त्याच्या कसबापेक्षा त्याच्या अर्जावर अधिक अवलंबून राहते.

अखिल भारतीय हस्तकला मंडळ २०२० साली विसर्जित करण्यात आले. मंडळे जातात, मेळे मात्र भरत राहतात. त्यांची गाळेवाटपाची पत्रके, निवड समित्यांची टिपणे, नाकारलेले अर्ज, फलकांवरील मजकूर ही उद्याची इतिहाससाधने आहेत. पेशवेकालीन पेठांचे कौल आपण जितक्या आस्थेने वाचतो तितक्याच आस्थेने ही कागदपत्रे जतन झाली पाहिजेत. त्यांतही नाकारलेल्या अर्जांना विशेष महत्त्व आहे. कोणत्या कारागिराला जागा मिळाली हे मेळ्यात दिसते. पारख कोणाच्या हाती होती, हे मात्र ज्याला जागा मिळाली नाही त्याच्या अर्जावरूनच कळेल.