हंगाम आणि त्याची नोंद

पुरुषोत्तमनगर येथें 'हंगाम' हा शब्द उच्चारला कीं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उसाच्या गाड्या आणि सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचें धुराडें उभें राहतें. गाळपाच्या दिवसांत किती टन ऊस आला, उतारा किती पडला, ह्याची टिपणें रोजच्या रोज होत असतात. त्याच सुमारास शहादे तालुक्यांतील आणि एकंदर खानदेशांतील महाविद्यालयांत दुसरा एक हंगाम चालू असतो, तो खेळांचा. त्याची टिपणें मात्र फारशीं कोठें आढळत नाहींत. ही उणीव केवढी मोठी आहे, हें बास्केटबॉल ह्या एकाच खेळाच्या इतिहासावरून दाखवावें, असें आम्हीं योजिलें आहे.

मौज अशी कीं, हा खेळ जन्मास आला तोच मुळीं हंगामाच्या अडचणींतून. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील ख्रिस्ती तरुण संघाच्या विद्यालयांत शरदांत फुटबॉल व वसंतांत बेसबॉल चाले. मधल्या हिमकाळांत विद्यार्थी कवायतीस कंटाळून जात. डिसेंबर १८९१ मध्यें जेम्स नेस्मिथ ह्या तरुण शिक्षकानें व्यायामशाळेच्या कठड्यास दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या अडकविल्या, तेरा नियम लिहून काढिले आणि अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ पाडिले. त्या अठरांपैकींच डंकन पॅटन हा १८९४ सालीं खेळ घेऊन हिंदुस्थानांत आला. ज्यास आपण आजहि परका खेळ म्हणतों, तो जन्मानंतर तीन वर्षांच्या आंतबाहेर आपल्या दारीं येऊन उभा होता!

अमेरिकेंतील महाविद्यालयांनीं तो लागलीच उचलला. ९ फेब्रुवारी १८९५ रोजीं मिनेसोटा प्रांतांत एका कृषिविद्यालयानें हॅमलिनच्या संघास ९ विरुद्ध ३ असें हरविलें; त्या वेळीं एका बाजूस नऊ गडी असत. पुढें १८९८ त नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठांत गेला व १९०७ पर्यंत तेथील संघ त्याच्या हातीं होता. ह्या काळांत त्याच्या संघानें ५५ सामने जिंकले व ६० गमावले. त्या विद्यापीठाच्या पुरुष-संघाच्या मार्गदर्शकांत जिंकण्यापेक्षां अधिक वेळां हरलेला असा तो एकटाच. आणि तो तर खेळाचा जनक! ही गंमत आपणांस आज कळते, ह्याचें कारण कोणीतरी प्रत्येक सामन्याचे आंकडे लिहून ठेविले. आपल्याकडे जिमखान्याच्या भिंतीवर जेत्यांचीं छायाचित्रें लागतात. हरलेल्यांस भिंत नाहीं.

पण मुळांत साठ वेळां हरण्यासाठीं तितके सामने मिळावे लागतात. आपली पद्धत बहुतांशीं बाद होण्याची आहे. आधीं विभागीय आंतरमहाविद्यालयीन सामने, मग आंतरविभागीय. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडावयाचा आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेंत पाठवावयाचा. पहिल्याच दिवशीं हार झाली कीं चाळीस मिनिटांत त्या संघाचा वर्षाचा हंगाम आटोपला. पावसाळाभर चिखल तुडवून तयारी केलेल्या मुलास आपली चूक सुधारण्यास दुसरा सामना मिळत नाहीं. ही पद्धत खर्चाच्या दृष्टीनें सोयीची असेल. शिक्षणाच्या दृष्टीनें ती आम्हांस कृपण वाटते.

चिखलाचें दुःख मात्र कांहीं खानदेशाचेंच नव्हे. १९३६ त बर्लिन येथील ऑलिंपिकांत ह्या खेळास प्रथमच स्थान मिळालें, तेव्हां अंतिम सामना उघड्यावर, भर पावसांत झाला. चेंडू जमिनीवरून उसळेना. अमेरिकेनें कॅनडास १९ विरुद्ध ८ असें जिंकलें.

नित्य खेळावयास मिळालें तर काय होतें, ह्याचें उदाहरण शोधावयास दूर जावयास नको. मुंबईच्या नागपाडा वस्तींत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट ह्यांनीं नेबरहुड हाउस ही संस्था काढिली. तेथेंच १९३६ त सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालें. त्या गजबजलेल्या मोहल्ल्यांत बास्केटबॉल रुजला आणि त्यानें भारताच्या संघास अब्बास मुंतासिर ह्यांच्यासारखा कर्णधार दिला. त्यांस १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तेथें मुलें वर्षांतून एकदां नव्हे, रोज संध्याकाळीं हरत व जिंकत.

खानदेशापुरतें बोलावयाचें तर १५ ऑगस्ट १९९० हा दिवस महत्त्वाचा. त्या दिवशीं जळगांवचें उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालें. त्यापूर्वीं येथील महाविद्यालयें पुणें विद्यापीठांत मोडत. विद्यापीठाचा सदरा अंगावर चढविण्यासाठीं शहाद्याच्या मुलास तोंवर पुण्याच्या मुलांशीं स्पर्धा करावी लागे. पुढें दार जवळ आलें, पण तोलामोलाचा प्रतिस्पर्धी दूर गेला. ह्यांतून लाभ अधिक झाला कीं हानि, हें ठरवावयाचें तर प्रत्येक वर्षीचे सामने आणि गुण समोर पाहिजेत.

ते नसले तरी जिमखान्याच्या दप्तरांत प्रवासभत्त्याच्या पावत्या असतात. त्यांवर खेळाडूंच्या सह्या असतात, निघाल्याचा दिवस असतो आणि परतल्याचाहि. स्पर्धेचा कार्यक्रम शेजारीं ठेवून त्या पाहिल्या, तर कोणता संघ कितव्या फेरींत गारद झाला, हें परतीच्या तारखेवरून बहुधा सांगतां येईल. लेखापरीक्षण संपलें कीं त्या रद्दींत जातात. त्याआधीं कोणीतरी त्या उतरून घ्याव्यात.