एक्सेलमधल्या लपलेल्या जोडण्यांचा माग

प्रयोगशाळेतील एखादी जुनी एक्सेल फाइल उघडावी आणि लगेच सूचना यावी, की या फाइलीत बाहेरील स्रोतांशी जोडण्या आहेत, त्या अद्ययावत करायच्या का? ज्या संशोधक विद्यार्थ्याकडे ही फाइल वारशाने आलेली असते, त्याने अशी एकही जोडणी केलेली नसते. जोडण्यांची यादी उघडल्यावर कुणाच्या तरी डी ड्राइव्हवरील फाइलीचे नाव दिसते. तो संगणक केव्हाच भंगारात गेलेला असतो. जोडणी तोडण्याचे बटण दाबले, फाइल साठवून पुन्हा उघडली, तरी सूचना हजरच! या भुताची वंशावळ मात्र नीट सांगता येते, आणि तिच्यातील एका प्रकरणाशी भारताचाही संबंध आहे.

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क अ‍ॅपल-२ संगणकावर आले. त्यात प्रत्येक आकड्याचे मूळ समोरच्याच तक्त्यात सापडे. १९८२ च्या मल्टिप्लॅनमध्ये एका तक्त्याला दुसऱ्या फाइलीतील आकडे मागवता येऊ लागले. १९८७ मध्ये विंडोजच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर डीडीई ही यंत्रणा आली आणि फाइलीच्याही पलीकडचे दार उघडले: शेजारी चालू असलेला दुसरा प्रोग्रॅम थेट एक्सेलच्या कप्प्यात आकडा टाकू लागला. भारतातील शेअर दलालांच्या टर्मिनलवरील धावते भाव एक्सेलमध्ये येत, तेही याच वाटेने. १९९२ च्या ओडीबीसीने डेटाबेसकडे जाणारा रस्ता खुला केला. पुढे संकेतस्थळांवरील तक्ते आणि पॉवर क्वेरी यांची भर पडली.

नवी वाट आली म्हणून जुनी बुजवली गेली नाही. तशी ती बुजवली असती तर जगभरच्या लाखो जुन्या फाइली एका रात्रीत निकामी झाल्या असत्या. म्हणून एका फाइलीत तीन-चार पिढ्यांच्या जोडण्या थरांसारख्या साचतात, आणि त्या फक्त सूत्रांतच असतात असे नाही. श्रेणीला दिलेले नाव, आलेखाची मालिका, अटीनुसार रंग बदलणारा नियम, कप्प्यात भरण्याच्या पर्यायांची यादी, बटणाला जोडलेला मॅक्रो, यांतील कोणत्याही ठिकाणी दुसऱ्या फाइलीचा पत्ता दडलेला असू शकतो. बाहेरच्या फाइलीचे नाव सूत्रात चौकोनी कंसात येते, म्हणून तो कंस शोधणे ही पहिली पायरी. पण सूत्रांत केलेला शोध नियमांपर्यंत आणि याद्यांपर्यंत पोहोचत नाही. काही नावे तर अशा रीतीने लपवलेली असतात, की नावांच्या व्यवस्थापकातही ती दिसत नाहीत.

२००७ पूर्वीची एक्सएलएस फाइल द्विमान स्वरूपाची होती. साध्या डोळ्यांनी तिच्या आत पाहणे शक्य नव्हते. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ बरोबर एक्सएमएलवर आधारलेले नवे स्वरूप आणले आणि ते आंतरराष्ट्रीय मानक व्हावे म्हणून पुढे केले. ओडीएफ हे खुले स्वरूप त्याआधीच, २००६ मध्ये, आयएसओचे मानक झाले होते. नव्या प्रस्तावाचा मसुदा सुमारे सहा हजार पानांचा होता आणि त्यावर जलदगती पद्धतीने निर्णय व्हायचा होता. भारतीय मानक ब्युरोने सप्टेंबर २००७ मध्ये विरोधी मत दिले. जिनिव्हातील आक्षेप-निवारण बैठकीनंतर, मार्च २००८ मध्येही ते बदलले नाही. तरीही प्रस्ताव संमत झाला. मग ब्राझील, दक्षिण आफ्रिका, व्हेनेझुएला आणि भारत यांनी अपील केले. ऑगस्टमध्ये ते फेटाळले गेले. भारताचे आक्षेप निराधार नव्हते. एकाच कामासाठी दोन मानके कशाला, हा प्रश्न आजही रास्त वाटतो. पण ज्या स्वरूपाला भारताने दोनदा नकार दिला, त्याच स्वरूपामुळे लपलेल्या जोडण्यांचा शोध सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आला, हेही नाकारता येत नाही.

कारण एक्सएलएसएक्स फाइल ही प्रत्यक्षात झिप केलेली पेटी असते. तिची प्रत काढून नावाचे शेपूट ‘झिप’ असे बदलले, की ती उघडते. आत ‘एक्सएल’ या फोल्डरमध्ये ‘एक्स्टर्नललिंक्स’ नावाचा कप्पा असला, तर बाहेरच्या प्रत्येक फाइलीची नोंद तिथे सापडते आणि शेजारच्या ‘रेल्स’ या उपफोल्डरमध्ये तिचा पूर्ण पत्ता. डेटाबेसच्या जोडण्या ‘कनेक्शन्स’ या वेगळ्या फाइलीत असतात. मग तोच पत्ता किंवा त्याचा क्रमांक प्रत्येक शीटच्या एक्सएमएलमध्ये साध्या मजकूर-संपादकाने शोधता येतो. जे बटण तोडू शकले नाही, ते कुठे अडकले होते, ते इथे उघड होते: बहुधा एखाद्या विसरलेल्या रंगाच्या नियमात.

या कप्प्यात पत्त्याखेरीज आणखी काही असते. मूळ फाइल हाताशी नसली तरी सूत्रे चालावीत म्हणून एक्सेल तिच्यातील लागणारे आकडे स्वतःजवळ साठवून ठेवते. म्हणजे रुग्णांच्या नोंदींच्या फाइलीशी जोडलेला एखादा सारांश-तक्ता प्रसिद्ध केला, तर त्या नोंदींतील काही मूल्ये तक्त्यात न दिसताही त्याच्याबरोबर जाऊ शकतात. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या २०१२ च्या डेटा-सहभाग धोरणापासून सार्वजनिक पैशातून जमवलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात खुली करण्याची अपेक्षा आहे, आणि त्यासाठी एक्सेल फाइली सर्रास वापरल्या जातात. सीएसव्ही हा साधा पर्याय आहे. त्यात असा साठा मागे राहत नाही. मात्र त्यातील एखादा कप्पा बरोबरच्या चिन्हाने सुरू झाला, तर एक्सेल त्यालाही सूत्रच समजते.