तीन कपाटं, सहाशे सिनेमे आणि कॉपीराइट

मंडळी, वाचनालयाच्या ग्रुपवर गेले पंधरा दिवस जो वाद पेटलाय, त्यात मी मुद्दाम पडलो नाही. तिथे दोन ओळींच्या वर कोणी वाचत नाही. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाजारपेठेतल्या व्हिडिओ लायब्ररीवाले काका गेल्यावर त्यांच्या मुलांनी दुकान रिकामं करताना सगळा माल वाचनालयाला देऊन टाकला. सहाशेच्या आसपास सिनेमांच्या व्हीसीडी आणि शंभर-सव्वाशे व्हीएचएस कॅसेट, तीन कपाटं भरून. निम्म्याहून जास्त मराठी. आता समितीतले एक जण म्हणतात भंगारात घाला, जागा अडते. आपली तरुण पोरं म्हणतात हार्डडिस्कवर घ्या आणि टेलिग्रामवर टाकून द्या, जगभरचे मराठी लोक बघतील. तिसरा गट म्हणतो हात लावाल तर पोलीस येतील. तिघंही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, पण तिघंही चुकतायत.

आधी भंगारवाल्यांशी बोलतो. आपल्या देशात सिनेमा भंगारात घालण्याची परंपरा फार जुनी आहे. मूकपटांच्या काळात सुमारे तेराशे सिनेमे निघाले, त्यातले आज जेमतेम तीसएक उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा होता, पहिलं आणि शेवटचं रीळ शिल्लक आहे. तीही १९१३ ची की १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला. त्याची एकही प्रत आज नाही. जुनी नायट्रेट फिल्म पटकन पेट घ्यायची हे एक कारण. दुसरं कारण असं, की फिल्ममध्ये चांदी असते. सिनेमा चालायचा थांबला की रिळं चांदी काढण्यासाठी किलोवर विकली जायची.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ साली, म्हणजे फाळक्यांनंतर पन्नास वर्षांनी. पी. के. नायर १९६५ ला तिथे रुजू झाले आणि १९९१ ला निवृत्त होईपर्यंत त्या माणसाने देशभर फिरून गोदामांतून, बंद पडलेल्या स्टुडिओंतून, निर्मात्यांच्या वारसांकडून डबे गोळा केले. जे काही फाळके आज आपण बघतो ते या खटाटोपामुळे. पुस्तकाची प्रत सरकारी ग्रंथालयांना द्यायचा कायदा १९५४ पासून आहे. संग्रहालयाला सिनेमाची प्रत देण्याची तशी सक्ती कधी झाली नाही, मिळेल तसं मागून आणावं लागलं. आणि इतकं करूनही जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या आवारात, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या मूळ निगेटिव्हसुद्धा त्यात गेल्या. एका छपराखाली एकच प्रत ठेवली की काय होतं ते पुणेकरांनी डोळ्यांनी बघितलंय.

आता कायद्याकडे येतो, कारण टेलिग्रामवाले आणि पोलीसवाले दोघंही त्याच्याच नावाने भांडतायत.

ब्रिटिशांच्या १९१४ च्या कायद्यात सिनेमा ही वेगळी कृती मानलेलीच नव्हती, नाट्यकृती किंवा छायाचित्रं म्हणून त्याला संरक्षण मिळायचं. स्वतंत्र मान मिळाला तो १९५७ च्या कायद्यात, मुदत पन्नास वर्षं. मग ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आले, गल्लीत व्हिडिओ पार्लर निघाली, दहा-दहा रुपये काढून रात्रभर तीन-तीन सिनेमे बघितलेले तुमच्यातलेही काही जण असतील. त्यावर उपाय म्हणून १९८४ ला दुरुस्ती झाली. त्यातलं एक कलम आपल्या फार कामाचं आहे, त्यावर पुढे येतो.

पन्नासची साठ वर्षं कशी झाली ती गोष्ट मजेशीर आहे. रवींद्रनाथ टागोर १९४१ ला गेले. १९९१ च्या डिसेंबरअखेर त्यांचं साहित्य सगळ्यांसाठी मोकळं होणार होतं. ऐन शेवटच्या दिवसांत वटहुकूम निघाला, १९९२ ला कायदा झाला, आणि टागोरांच्या निमित्ताने सगळ्यांचीच मुदत दहा वर्षांनी वाढली. सिनेमाचीसुद्धा. महाराष्ट्राने तर २००९ मध्ये झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात व्हिडिओ पायरेट्सना नेऊन बसवलं. पोलीस येतील म्हणणारे उगाच घाबरत नाहीत.

आजचा हिशोब असा: सिनेमा प्रसिद्ध झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ २०१९ च्या अखेरीपर्यंत, १९६५ चा ‘साधी माणसं’ २०२५ च्या अखेरीपर्यंत. ‘पिंजरा’ १९७२ चा, तो २०३२ संपेपर्यंत थांबा. ‘अशी ही बनवाबनवी’ २०४८. आपल्या कपाटातला मोठा भाग या दुसऱ्या प्रकारचा आहे.

आणि गोष्ट इतकीही सरळ नाही. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजी १९५० ला गेले, लेखकाची मुदत मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे कादंबरी २०११ पासून मोकळी. अत्र्यांचा सिनेमा १९५३ चा, साठ वर्षांच्या हिशोबाने २०१४ पासून मोकळा. पण अत्रे गेले १९६९ ला, तेव्हा त्यांच्या लेखणीतलं जे आहे ते २०२९ अखेर. संगीत वसंत देसाईंचं, ते १९७५ ला गेले, म्हणजे २०३५. एकाच डब्यात चार तारखा! शिवाय १९५८ च्या जानेवारीत नवा कायदा लागू होण्याआधीच्या सिनेमांना जुन्या कायद्याच्या गाठी आहेतच. ‘जुना आहे म्हणजे फुकट आहे’ हे वाक्य त्यामुळे ग्रुपवर कृपा करून टाकू नका.

मग साठवायचं की नाही? २०१२ ची दुरुस्ती बघा. तिने एका हाताने सांगितलं की सिनेमा इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हासुद्धा मालकाचाच हक्क. दुसऱ्या हाताने कलम ५२ मध्ये दोन दारं उघडली. पहिलं, खासगी वापरासाठी किंवा संशोधनासाठी उचित वापर, आणि त्यासाठी केलेली डिजिटल साठवण उल्लंघन ठरत नाही. म्हणजे तुम्ही विकत घेतलेली व्हीसीडी तुमच्या घरच्या हार्डडिस्कवर उतरवून घरी बघितलीत तर ते या दारात बसतं. तीच फाइल मेहुण्याला, मेहुण्याकडून सोसायटीच्या ग्रुपला गेली, की तुम्ही दाराबाहेर. दुसरं दार खास आपल्यासाठी: ना-नफा सार्वजनिक वाचनालय जतनासाठी डिजिटल प्रत करू शकतं, मात्र त्याच्याकडे त्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत आधीपासून हवी.

इथे गंमत बघा. व्हीएचएस कॅसेट डिजिटल नाही, म्हणून ती या कलमात चपखल बसते. व्हीसीडी मुळातच डिजिटल! म्हणजे शब्दशः वाचलं तर सवाशे कॅसेट वाचनालय बिनघोर उतरवू शकतं आणि सहाशे व्हीसीडींसाठी हे दार बंद. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा कागदी पुस्तकं असावीत. चकती मात्र कायदा बदलायची वाट बघत नाही. ॲल्युमिनियमच्या थराला हवा लागली की भोकं पडतात, उजेडात धरून बघा.

म्हणून माझं म्हणणं असं. पहिलं, एकही कव्हर फेकायचं नाही. ते १९८४ चं कलम म्हणतं की कॅसेटवर आणि तिच्या वेष्टनावर निर्मात्याचं आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता छापलाच पाहिजे. म्हणजे परवानगीची पत्रं कुठे पाठवायची त्याची यादी काकांनी आपल्याला फुकट दिलीय. २००७ साली मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी काढली तेव्हाच्या भरपूर आहेत त्यात. काही कंपन्या बुडाल्या, काही पत्ते बदलले, उत्तरं कमी येतील, तरी पत्राची स्थळप्रत फाइलला लागू दे. दुसरं, पेनाने नाव लिहिलेल्या कोऱ्या चकत्या आणि डब केलेल्या कॅसेट वेगळ्या काढायच्या. त्या मुळातच बेकायदा प्रती आहेत, त्यांना कुठलंच कलम वाचवणार नाही. तिसरं, कॅसेट आधी. बुरशी धरलीय, हा पावसाळा काही काढणार नाहीत.

उतरवताना फाइल आणखी दाबून छोटी करायची नाही. परवानगी आली तर व्हीसीडींचा सगळा ऐवज एक टीबीच्या आसपास बसेल, म्हणजे खर्चाचा प्रश्न नाही. पण डिस्क दोन घ्यायच्या, दुसरी वाचनालयात नको, वेगळ्या इमारतीत. २००३ आठवा. आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये पडदा लावून दाखवायची हौस असेल तर ते सार्वजनिक प्रदर्शन झालं, त्याला वेगळी परवानगी लागते, तिकीट नसलं तरी.

टेलिग्रामवाल्या पोरांनो, तुमच्यावर राग नाही. लॅपटॉप तुमच्याकडेच आहेत आणि काम तुम्हीच करणार आहात. फक्त अपलोड नको. कलम ६३ मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद लिहिलीय, आणि खटला अध्यक्षांच्या नावाने उभा राहील. ते एकाहत्तर वर्षांचे आहेत.

रविवारी सकाळी दहाला वाचनालयात बैठक आहे. कोणाकडे चालू स्थितीतला व्हीसीआर असेल तर घेऊन या, हेड साफ करायची कॅसेट असेल तर तीही. काकांचा स्वतःचा बंद पडलाय.