न्यायाची निवड आणि माहितीचा खर्च



निवडणुकीचा खर्च म्हटला की मतपेट्या, शाई, कर्मचाऱ्यांचा भत्ता आणि पोलिसांचा बंदोबस्त डोळ्यांपुढे येतो. मतदाराला उमेदवाराची ओळख करून देण्याचा खर्च सहसा कोणी हिशेबात धरीत नाही. पण तो कोणी तरी करतोच. सरकारने केला नाही, तर ज्याचा हितसंबंध गुंतला आहे तो करतो. न्याय देणारा माणूस निवडायचा असेल, तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो.

जुन्या काळी आपल्याकडे वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई. निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्यारांची. निवाडा करणारे कोण, त्यांची चालचलणूक कशी, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. माहिती फुकट होती. पण जातीची उतरंडही त्याच सभेत बसलेली होती. पंच निवडण्याचा हक्क गरिबाला नव्हता. मग त्या माहितीचा त्याला उपयोग काय?

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने न्यायपंचायतीची तरतूद केली. गावांचा गट करून त्याला एक न्यायपंचायत, पंच गावकऱ्यांतलेच, कामे किरकोळ दिवाणी-फौजदारी. नांदेडकडचा शेतकरी असो की त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूरकडचा, त्याची कोर्टाची पायपीट वाचावी हा हेतू चांगलाच होता. पण शेजारच्या गावचा पंच कसा आहे, हे या गावच्या शेतमजुराला कोण सांगणार? पारावरची माहिती शिवेपाशी थांबते. ती शिवेपलीकडे न्यायची तर कागद लागतो, माणूस लागतो, पैसा लागतो. १९७५ साली महाराष्ट्राने न्यायपंचायती बंद केल्या. आज जिल्हा न्यायाधीश नेमले जातात, निवडले जात नाहीत.

जिथे ते निवडले जातात तिथे काय होते? अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने १८३२ सालीच सर्व न्यायाधीश मतदानाने निवडण्याचे ठरविले. ऑरेगॉन, वॉशिंग्टन या राज्यांत मतदारांसाठी माहितीपुस्तिका सरकारी खर्चाने छापून घरोघर पोचविली जाते. उलट मेक्सिकोचे पाहा. १ जून २०२५ रोजी तेथे न्यायाधीशांची देशव्यापी निवडणूक झाली. उमेदवारांना प्रचारासाठी सरकारी पैसा नव्हता आणि देणग्यांनाही बंदी होती. केवळ संघराज्याची पदे ८८१; एवढ्या नावांतून सामान्य माणसाने निवड कशी करावी? शंभरातले सुमारे तेराच मतदार केंद्रावर गेले. कोणाला मत द्यावे याच्या तयार चिठ्ठ्या वाटल्याच्या तक्रारी झाल्या. माहितीची जागा रिकामी राहिली की ती अशी भरली जाते.

आपल्या देशाने हा धडा आरंभीच ओळखला होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते. त्यांतील बहुतेक निरक्षर. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने चिन्हे दिली, प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र पेटी दिली, रेडिओ व चित्रपटांतून मतदानाची रीत शिकविली. हा खर्च सार्वजनिक तिजोरीचा होता आणि तो सत्कारणी लागला. परंतु चिन्ह पक्ष सांगते, माणूस सांगत नाही. उमेदवारावरील खटले, त्याची मालमत्ता आणि शिक्षण जाणणे हा मतदाराचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आणि २००३ साली तो कायम केला. तेव्हापासून शपथपत्रे दाखल होतात. ती कचेरीच्या फलकावर लागतात, संगणकावरही दिसतात. मोंढ्यात पोती वाहणारा हमाल त्या फलकापाशी कधी जाणार? रोजगार बुडवून?

आमच्या संघटनेत निवडणूक असली की सर्व उमेदवारांची हँडबिले एकाच आकाराची आणि वर्गणीतूनच छापावीत, असा माझा आग्रह असतो. सभासदाच्या पैशाने आलेली माहिती सभासदाची राहते. उमेदवाराच्या पैशाने आलेली माहिती उमेदवाराची. हाच हिशेब देशालाही लागू आहे. मतदानापूर्वी मतदार चिठ्ठी घरोघर वाटण्याची यंत्रणा आपल्याकडे आहेच. तिच्याबरोबर सर्व उमेदवारांच्या शपथपत्रांचा सारांश, सोप्या मराठीत, एका कागदावर द्यावा. खर्च येईल, हे खरे. पण तो मतपत्रिकेच्या आणि शाईच्या खर्चासारखाच निवडणुकीचा खर्च आहे. आपण तो वाचविला, तर दुसरा कोणी भरील. आणि जो भरील, तो पाच वर्षे व्याजासह वसूल करील.