टाइम-लॅप्स चित्रण : कॅमेऱ्याला हात न लावता सेटिंग बदलण्याचे तंत्र
भिलाई (छत्तीसगड) : दिवसाचा उजेड मावळून रात्र होईपर्यंतचे टाइम-लॅप्स चित्रण करताना कॅमेऱ्याची सेटिंग सतत बदलावी लागतात, मात्र त्यासाठी कॅमेऱ्याला हात लावता येत नाही. ट्रायपॉडवरील कॅमेरा केसभर हलला तरी तयार चित्रफितीत ठळक झटका दिसतो आणि तासन्‌तासांचे काम वाया जाते. मोबाइल किंवा लॅपटॉपवरून कॅमेरा दुरून हाताळण्याची पद्धत या अडचणीतूनच रूढ झाली. भिलाईसारख्या पोलादनगरीत तर तिच्यावाचून गत्यंतर नाही.

टाइम-लॅप्समध्ये ठरावीक अंतराने छायाचित्रे घेऊन ती सलग वेगाने दाखवली जातात. दर 10 सेकंदांनी एक याप्रमाणे 3 तासांत 1,080 छायाचित्रे होतात आणि सेकंदाला 25 चौकटी या वेगाने त्यांची जेमतेम 43 सेकंदांची फीत बनते.

या तंत्राचा मराठी माणसाशी जुना संबंध आहे. 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळके यांनी भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोपाची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मिनिटभराच्या या फितीनंतर त्यांना कर्ज मिळाले आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. फाळके रोज एकच चौकट घेत, असे सर्रास सांगितले जाते. परंतु तसे असते तर महिनाभरात अवघ्या दोन सेकंदांची फीत झाली असती. मूकपटाच्या सेकंदाला सुमारे 16 चौकटी या वेगाने मिनिटभरासाठी साडेनऊशेच्या आसपास चौकटी लागतात. म्हणजे दिवसाला तीसेक चौकटी त्यांनी घेतल्या असाव्यात, आणि त्याही हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर.

फाळके यांच्यापुढे कुंडीतले रोप होते. भिलाईत चित्रणाचा विषय म्हणजे धगधगता पोलाद कारखाना आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद प्रकल्पाच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी 4 फेब्रुवारी 1959 रोजी केले. 2018 मध्ये सुरू झालेल्या, ‘महामाया’ नावाच्या आठव्या झोतभट्टीचे उपयुक्त घनफळ 4,060 घनमीटर आहे. नवी भट्टी प्रथम पेटवण्याचा किंवा जुनी चिमणी पाडण्याचा प्रसंग छायाचित्रकारासाठी पुन्हा घडवून आणता येत नाही. तो टिपायचा तर पहिल्याच प्रयत्नात.

येथील प्रकाशही फसवा आहे. छायाचित्रणात एक ‘स्टॉप’ म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट. भर उन्हापासून चंद्र नसलेल्या रात्रीपर्यंत साधारण 20 स्टॉपचा, म्हणजे सुमारे 10 लाख पटींचा फरक पडतो. कारखान्याच्या दिव्यांमुळे तो दहा-बारा स्टॉपवर थांबतो, असे धरले तरी निदान हजार पट उरतोच. कॅमेरा स्वयंचलित ठेवला तर हे सर्व तोच सांभाळेल, असे नवख्यांना वाटते. परंतु भट्टीतून तप्त लोह सोडले जाते किंवा वितळलेली मळी ओतली जाते, तेव्हा आसमंत काही मिनिटे तांबूस उजळतो. स्वयंचलित कॅमेरा त्या झळाळीला भुलून चित्र काळवंडून टाकतो आणि झळाळी विरताच पुन्हा उजळवतो. वास्तविक हा उजेड हाच चित्राचा विषय असतो. अंधार पडतो आहे की भट्टी फुलली आहे, हा फरक माणसालाच कळतो. म्हणून सूत्रे माणसाच्या हाती, पण दुरून असावी लागतात.

प्रत्यक्षात छिद्राचा आकार, फोकस आणि रंगसमतोल आरंभीच पक्के केले जातात. छिद्राच्या पात्या दर वेळी तंतोतंत तेवढ्याच मिटत नसल्याने छिद्र बदलत राहिल्यास चित्र लुकलुकते. मग आधी शटरचा काळ वाढवत न्यायचा आणि तो दोन छायाचित्रांमधील अंतराच्या जवळ पोहोचला की आयएसओ चढवायचा. बदल एक तृतीयांश स्टॉपच्या पायरीने केला जातो. तासाभरात 10 स्टॉप उतरायचे तर 30 पायऱ्या, म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एक. उरलेल्या बारीक उड्या रॉ स्वरूपातील चित्रांवर नंतर ‘एलआरटाइमलॅप्स’सारख्या संगणकप्रणालीत समतल करता येतात.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त रिमोटबद्दल मोठा गैरसमज आहे. तो केवळ शटर दाबतो, सेटिंग बदलत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याशी दुहेरी संवाद लागतो. कॅनन, निकॉन, सोनी या कंपन्यांची स्वतःची मोबाइल ॲप आहेत, परंतु काही कॅमेऱ्यांत ॲप जोडलेले असताना अंगभूत इंटरव्हल टायमर चालत नाही. हे घरीच तपासून घेतलेले बरे. ‘क्यूडीएसएलआरडॅशबोर्ड’ हे ॲप चित्राचा आलेख पाहून एक्स्पोजर हळूहळू वाढवू शकते. ‘जीफोटो2’ ही मुक्त प्रणाली रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालते; त्याला मोबाइल नेटवर्क जोडल्यास छायाचित्रकार दुसऱ्या गावातूनही शटर बदलू शकतो. आज्ञा मात्र दोन छायाचित्रांच्या मधल्या फटीत पोहोचावी लागते. कॅमेरा कार्डावर चित्र लिहीत असेल तर ती नाकारली जाण्याचा संभव असतो.

यूएसबी 2.0 केबलची मर्यादा पाच मीटर आहे. वाय-फाय त्याहून दूर पोहोचते, परंतु लोखंडी सांगाड्यांच्या गर्दीत क्षीण होते आणि बॅटरीही लवकर संपवते. त्यामुळे दीर्घ चित्रणासाठी केबल आणि बाहेरून वीजपुरवठा हाच भरवशाचा मार्ग ठरतो. बहुतेक कॅमेरे 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि भिलाईतील मे महिन्याची दुपार ही मर्यादा सहज ओलांडते. कॅमेऱ्यावर पांढरे कापड किंवा छत्री धरावी लागते ती यासाठी. ती ट्रायपॉडला न बांधता वेगळ्या खांबावर लावतात, कारण वाऱ्याने छत्री हलली की कॅमेराही हलतो.

कारखान्याच्या आवारात परवानगीशिवाय छायाचित्रण करता येत नाही. सुरक्षेची जबाबदारी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. परवानगी मिळाली तरी भट्टीजवळ तासन्‌तास उभे राहणे धोक्याचेच. तेथे आधी कॅमेरा लावून, चौकट पक्की करून छायाचित्रकार सुरक्षित अंतरावर येतो आणि सूर्यास्ताच्या किमान अर्धा तास आधी पहिले छायाचित्र घेतले जाते.