तळटीप १४ : शाहूपुरीची पेठ

१४. शाहूपुरीची पेठ : कोल्हापूरच्या रेल्वे स्थानकालगतची व्यापारी पेठ. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतलेल्या छत्रपती शाहू महाराजांनी लगेच पुढच्या वर्षी ही पेठ वसवली. भोगावती-पंचगंगेच्या काठावरच्या गुऱ्हाळांतला गूळ बैलगाड्यांतून इथे येई आणि रेल्वेने पार गुजरातपर्यंत जाई. भोवतालच्या खेड्यांचे शहराशी नाते घट्ट झाले, त्यात या पेठेचा वाटा फार मोठा आहे.

उताऱ्यातील ‘रवा’ म्हणजे गुळाची ढेप, ‘सौदा’ म्हणजे लिलाव.

‘उचल’ म्हणजे गूळ येण्याआधीच शेतकऱ्याने अडत्याकडून घेतलेली रक्कम. अडत्या गूळ विकून देई आणि उचल व अडत (आपली दलाली) वजा करून उरलेले पैसे हातावर ठेवी. या हिशेबाचा कागद म्हणजे ‘पट्टी’. त्यामुळे ‘पट्टी किती आली?’ या प्रश्नात घरच्या लग्नापासून पुढच्या लागणीपर्यंत सारे अडकलेले असे.

आता गुळाचे सौदे श्री शाहू मार्केट यार्डात होतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.