बोट, पेपरक्लिप आणि मोबाइल

भाजीचे क्रेट भरलेली एक जुनी डिझेल पिकअप घाटाच्या पायथ्याशी गचके खायला लागते. ड्रायव्हर ती हायवेलगतच्या गॅरेजसमोर लावतो आणि म्हणतो, "मिसिंग मारतीय, बघा जरा." मेकॅनिक लगेच काही खोलत नाही. इंजिन चालूच ठेवायला सांगतो, बॉनेट वर करतो आणि पान्याने पहिल्या नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करतो. डिझेल बाहेर झिरपतं, त्या सिलिंडरला मिळत नाही. इंजिनाचा आवाज लगेच पडतो. तो नट पुन्हा कसतो, दुसरा सैल करतो. आवाज पुन्हा पडतो. तिसरा सैल करतो, आणि आवाजात काहीच फरक पडत नाही.

"हाच," तो म्हणतो.

दोन मिनिटांच्या या तपासणीमागे साधा तर्क आहे. जो काम करत होता त्याला थांबवलं की फरक पडतो. जो मुळात कामच करत नव्हता, त्याला थांबवून काय फरक पडणार? फरक पडला नाही, म्हणजे आजारी तोच.

हा तर्क पिकअप ट्रकइतकाच जुना आहे. शंभर वर्षांत बदललं ते हत्यार: आधी बोट, मग पेपरक्लिप, आता मोबाइल. हत्यार सोपं होत गेलं तसतसा तर्क मात्र विसरला जाऊ लागला. हे कसं झालं ते बघायचं तर अमेरिकेत जावं लागेल. कारखान्यातून तयार होऊन आलेली फोर्डची पहिली पिकअप तिथली, आणि डॅशबोर्डवरचा तो पिवळा 'चेक इंजिन'चा दिवाही तिथलाच.

चार कॉइलची गुणगुण

१९२५ पर्यंत अमेरिकेतले बरेच शेतकरी आपल्या फोर्ड मॉडेल टी गाडीच्या मागे स्वतःच लाकडी खोकं ठोकून माल वाहत. १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डने हौदा बसवलेली मॉडेल टी बाजारात आणली. किंमत २८१ डॉलर. घेणारा बहुतेकदा शहरापासून, गॅरेजपासून लांब राहणारा. गाडी बिघडली तर ती त्यानेच दुरुस्त करायची.

आणि त्याला ते जमावं अशी ती गाडी होती. मॉडेल टीच्या डॅशवर एक पेटी असे. तिच्यात चार सिलिंडरच्या चार कॉइल. प्रत्येक कॉइलवर लोखंडी पट्टी. ठिणगी पडताना ती थरथरायची आणि गुणगुणायची. इंजिन एका सिलिंडरवर मार खातंय असं वाटलं, तर काय करायचं ते फोर्डने गाडीसोबतच्या पुस्तिकेत सांगितलं होतं. इंजिनाला रेस द्या. पहिल्या आणि चौथ्या कॉइलच्या पट्ट्या बोटांनी दाबून धरा. आता इंजिन फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरवर चालतंय. ते एकसारखं चाललं, तर हे दोघे निरोगी. बिघाड पहिल्यात किंवा चौथ्यात. मग एकेक पट्टी सोडून बघा. शेवटी एकच नाव उरतं.

म्हणजे घाटाखालचा आपला मेकॅनिक आणि १९२५ चा अमेरिकन शेतकरी एकच प्रयोग करतात. एक डिझेल तोडतो, दुसरा ठिणगी तोडायचा.

पुढे चार कॉइलच्या जागी एक कॉइल आणि एक डिस्ट्रिब्युटर आला. तेव्हा मेकॅनिक प्लगच्या वायरी एकेक करून काढायला लागले. प्लग खोलला की त्याचं तोंड वाचायचे. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. ओला, तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन फार तापतंय. ज्याला कान, नाक आणि डोळे होते, त्याला इंजिनाचं बरंचसं दुखणं कळत होतं.

मग या सगळ्यात दिवा आला कुठून? मेकॅनिकने तर तो मागितला नव्हता.

धुरातून उगवलेला दिवा

जुलै १९४३. लॉस एंजेलिसवर दाट, डोळे झोंबणारा धूर उतरला. दुसरं महायुद्ध चालू होतं; जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी भीती लोकांना वाटली. शत्रू घरातलाच होता, पण ते सिद्ध व्हायला जवळजवळ दशक गेलं. मूळचे नेदरलँड्सचे आणि कॅलटेकमध्ये काम करणारे शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट अननसाच्या वासाची रसायनं अभ्यासत होते. तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली. पेट्रोलची अर्धवट जळालेली वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिलं. ही वाफ येत होती तेलशुद्धीकरणातून आणि लाखो गाड्यांच्या धुरांड्यांतून.

आता 'मिसिंग' हा शब्द वेगळ्या नजरेने बघा. सिलिंडर मिस होतो म्हणजे त्यातलं पेट्रोल न जळता बाहेर जातं. ड्रायव्हरसाठी तो गचका, शहरासाठी तो धूर. गाडीचा खासगी आजार सार्वजनिक झाला होता.

१९७० च्या अमेरिकी क्लीन एअर ॲक्टने मोटारींचा धूर सुमारे ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला. पुढे आलेल्या सुधारित कन्व्हर्टरची अट कडक होती: एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, त्यात फारसा फरक चालणार नाही. एवढी नेमकी मापं कार्ब्युरेटरच्या स्क्रूने सांभाळता येईनात. म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसला आणि त्याचं ऐकून पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा छोटा संगणक आला. जनरल मोटर्सने १९८१ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास सगळ्या पेट्रोल मोटारींना तो दिला.

पण सेन्सरच बिघडला तर? गाडी चालत राहील, धूर वाढत राहील आणि मालकाला पत्ताही लागणार नाही. म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून नियम केला: गाडीने स्वतःला तपासायचं, आणि बिघाड असेल तर दिवा लावायचा.

तो दिवा मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्मला नाही. तो हवेच्या रखवालीसाठी आला. ही गोष्ट लक्षात ठेवली की त्याचं बोलणं नीट समजतं.

पेपरक्लिपची भाषा

याच काळातली शेवरोलेची पिकअप आज अमेरिकेत 'जुनी' म्हणून भरपूर फिरते: १९८७ ते १९९५ या वर्षांतली, कार्ब्युरेटरऐवजी थ्रॉटल बॉडी इंजेक्शन असलेली. तिच्याशी बोलायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही, पेपरक्लिप पुरते.

डॅशखाली बारा खाचांचा एक कनेक्टर असतो. त्यातल्या ए आणि बी या दोन खाचा पेपरक्लिपने जोडायच्या, इंजिन सुरू न करता चावी फिरवायची आणि दिव्याकडे बघायचं. एकदा लुकलुक, थोडी विश्रांती, मग दोनदा लुकलुक. हा झाला कोड १२. तो तीनदा येतो. १२ चा अर्थ, डिस्ट्रिब्युटरकडून सिग्नल येत नाही. इंजिन बंदच आहे, तर येणार कुठून? म्हणजे संगणक आधी एवढंच सांगतो की मी जागा आहे. त्यानंतर खरी तक्रार: समजा चारदा, मग पुन्हा चारदा. कोड ४४. धुरात ऑक्सिजन जास्त आहे, मिश्रणात पेट्रोल कमी.

इथे बहुतेक जण फसतात. कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरचा उल्लेख आला, म्हणून सेन्सर बदलून टाकतात. दिवा दोन दिवसांनी पुन्हा लागतो.

खरं काय घडलेलं असू शकतं? समजा एका प्लगची वायर तडकली आहे. त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही. आत गेलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतं, आणि न वापरलेला ऑक्सिजनही. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो. तो प्रामाणिकपणे कळवतो: ऑक्सिजन फार आहे. संगणक त्यावर विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो. आता गाडीच्या मागे उभं राहिलं तर पेट्रोलचा भपकारा येतो, ॲव्हरेज पडलेलं असतं आणि कोड मात्र ओरडतोय की पेट्रोल कमी आहे.

कोड खोटं बोलत नाही. त्याला जेवढं दिसतं तेवढंच तो सांगतो. निदान त्याच्यापुढे सुरू होतं, आणि ते नाक आणि बोट करतात. प्लगच्या वायरी एकेक करून तोडून बघितल्या असत्या, तर आवाज कुठे पडत नाही ते कळलं असतं. कोड ४४ मागे हवेची गळती असू शकते, फ्युएल पंपाचं प्रेशर कमी असू शकतं, एक्झॉस्टला चीर असू शकते. सेन्सर हा त्या यादीतला फक्त एक संशयित.

मोबाइलमधला वैद्य

प्रत्येक कंपनीचा कनेक्टर वेगळा, कोड वेगळे, हा गोंधळ १९९६ मध्ये संपला. त्या मॉडेल वर्षापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारी आणि हलक्या ट्रकना 'ओबीडी-२' सक्तीचं झालं: सोळा पिनांचा एकच कनेक्टर आणि बिघाडांची समान भाषा. भारतात बीएस-४ च्या नियमांसोबत २०१० पासून ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने चारचाकींमध्ये आली. आज स्वस्त ब्लूटूथ ॲडॉप्टर त्या कनेक्टरला लावला की मोबाइलवर अक्षरं उमटतात: पी०३०१. पहिला सिलिंडर मिस होतोय.

हे संगणकाला कळतं कसं? प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला एक ढकल मिळते. एक ढकल चुकली की शाफ्ट क्षणभर मंदावतो. सेन्सर ते मंदावणं मोजतो आणि पाळी कोणाची होती ते बघतो. मेकॅनिकचा कान जे ऐकायचा, तेच यंत्र मोजतं. आणि दिवा नुसता न लागता लुकलुकत असेल, तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर भाजून काढतंय. अशा वेळी गाडी दामटू नये.

पण पी०३०१ 'कोण' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर की जळालेला व्हॉल्व्ह? प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल, तर पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवा आणि तिसऱ्याची पहिल्यावर. गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला, म्हणजे आजार कॉइलसोबत गेला, कॉइल बदला. कोड पी०३०१ च राहिला, तर कॉइल निर्दोष. आता प्लग बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एक रुपया खर्च न करता निम्मा गुंता सुटतो. मॉडेल टीच्या पेटीवरची ती बोटं इथे पुन्हा भेटतात.

माहिती कोणाची?

जुनी पिकअप हौसेने ठेवणारे थोडे. बहुतेकांचं पोट तिच्यावर चालतं. चुकीचा पार्ट बदलला तर आठवड्याची कमाई जाते, आणि गाडी तशीच मिसिंग मारत राहते. म्हणून इंजिनाचं बोलणं कोणाला ऐकू येतं, हा प्रश्न पैशांचा आहे आणि हक्काचाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये कायदा केला: दुरुस्तीची जी माहिती कंपनी आपल्या अधिकृत वर्कशॉपला देते, ती मालकाला आणि स्वतंत्र गॅरेजलाही मिळाली पाहिजे. पुढे गाड्या आपली माहिती कनेक्टरऐवजी बिनतारी पद्धतीने थेट कंपनीकडे पाठवू लागल्या. २०२० मध्ये त्याच राज्यातल्या मतदारांनी त्या माहितीवरही मालकाचा हक्क मागितला. कंपन्या त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. सोळा पिनांचा तो कनेक्टर हवा स्वच्छ ठेवण्यासाठी आला होता; वाटेत त्याने कोपऱ्यावरच्या मेकॅनिकसाठी एक दार उघडं ठेवलं. ते दार उघडं राहील की नाही, यावर भांडण आहे.

दार उघडं राहिलं तरी आत जाणाऱ्याला तर्क यावा लागतो. मोबाइलवरचा कोड वाचून पार्ट मागवणं म्हणजे थर्मामीटर बघून औषध घेणं. १९२५ च्या शेतकऱ्याकडे थर्मामीटर नव्हता, पण एकेकाला थांबवून बघायची शिस्त होती.

घाटाखालच्या गॅरेजात मेकॅनिकने तिसरं नोझल काढलंय. ते तपासून बसवेपर्यंत ड्रायव्हर चहा पिऊन येतो. गाडी सुरू होते, आवाज एकसारखा आहे. तरी मेकॅनिक पान्याने तिसरा नट पुन्हा एकदा सैल करतो. या वेळी आवाज पडतो. तो मान डोलावतो, नट कसतो आणि बॉनेट लावतो.